तीन चाळीसची फाइल

१

देवगाव फाट्यावर पंक्चर काढणारा लिंबाजी बुधवारी दुपारी ऑफिसात आला आणि त्यानं आपल्या पोरीचं बारावीचं गुणपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. मागं पोरगी उभी होती, बायना. डोळे रडून सुजलेले.

"साहेब, हे पाचशे बारा हायती का चारशे बारा? मला नीट वाचता येत न्हाई," तो म्हणाला.

मी चष्मा लावून बघितलं. पाचशे बारा. अक्षरीसुद्धा लिहिलेलं होतं. मग बाहेर जाऊन, शिपाई सितारामनं सकाळीच फळ्यावर चिकटवलेली आमच्या अध्यापक विद्यालयाची प्रवेश यादी बघितली. जागा चाळीस. बायनाचं नाव सत्त्याऐंशीवं, आणि पुढं गुण चारशे बारा.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली हो. कारण सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला याच यादीची कच्ची प्रत मी स्वतः, एकेक गुणपत्रक हातात धरून, तपासली होती. लाल शाईनं खाली सही ठोकली होती. त्या प्रतीत बायना तिसरी होती. मी कपाटातून ती प्रत काढली. पाचशे बारा, तिसरी, खाली माझी सही. दोन दिवसांत पोरगी तिसरीची सत्त्याऐंशीवी झाली होती, आणि यादीला तर माणसाचा हातसुद्धा लागला नव्हता. ती यंत्रात होती.

मी उद्धवराव, वरिष्ठ लिपिक. तीस वर्षं टाइपरायटर बडवला आणि एका आकड्याची अदलाबदल केली नाही. टाइपरायटरनं उमटवलेलं अक्षर रात्रीतून बदलत नाही. पण तीन वर्षांपूर्वी, १९८९ साली, संस्थेला कॉम्प्युटरची हौस आली. वालूरसारख्या गावात, जिथं पंखा दिवसातून चार तास फिरला तरी नशीब, तिथं पडदे लावलेली खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि आत ते डबडं. त्याच्या पोटातला सेल पहिल्या सहा महिन्यांतच मेला. औरंगाबादचा माणूस 'येतो, येतो' म्हणत राहिला. सेल नाही म्हणून मशीन रोज सकाळी जागं झालं की आधी आपल्यालाच विचारणार, आज तारीख काय आणि वाजले किती. सांगाल ते खरं मानणार. लाईट गेली की सगळं विसरणार, आली की पुन्हा विचारणार. अशा विसरभोळ्याच्या हातात दीडशे पोरींचं नशीब दिलं होतं आम्ही.

ते चालवायची सुनेत्रा. सव्वीस वर्षांची, पूर्णेची पोरगी. वालूरला खोली करून राहायची, आणि तिच्या पगारावर पूर्णेला तिच्या आईचं घर चालायचं. मला काका म्हणायची. बुधवारी सकाळी फ्लॉपीवरून पक्की यादी छापून तिनंच सितारामच्या हातात दिली होती.

मी यादी घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं बायनाच्या नावावर बोट ठेवलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "काका, हे मी केलेलं नाही," एवढंच म्हणाली.

२

अर्ध्या तासात प्राचार्य बन्सीधर सरांच्या खोलीत सगळे जमले. सर बिचारे भित्रे. रुमालानं सारखं कपाळ पुसायलेत. संस्थेचे सचिव गोविंदराव साहेब नेमके गावातच होते, ते जीप घेऊन आले. त्यांनी कच्ची प्रत बघितली, पक्की बघितली, आणि म्हणाले की वाद कशाला, यंत्रात तारीख असते म्हणे, फाइल शेवटची कधी बदलली ते दिसतं. बघा की.

सुनेत्रानंच आज्ञा दिली. पडद्यावर फाइलींची नावं आली आणि पुढं तारखा. प्रवेश यादीपुढं होतं, एकोणतीस जून, दुपारचे तीन चाळीस.

एकोणतीस म्हणजे सोमवार. सोमवारी त्या खोलीत सुनेत्राशिवाय कोणी बसलेलंच नव्हतं. हजेरीपटावर तिची संध्याकाळपर्यंत सही. मी बाराला प्रत तपासली आणि तीन चाळीसला कोणीतरी पाचाचे चार केले. कोणीतरी म्हणजे कोण, हे आता सांगायची गरजच राहिली नव्हती.

वर आणखी एक कळलं, आणि खोलीतली हवाच गेली. बायना खाली घसरल्यामुळं एक्केचाळिसावी मुलगी वर सरकून चाळिसावी झाली होती. ती सुनेत्राच्या सख्ख्या मावशीची पोरगी निघाली. सुनेत्रानं हे कधी लपवलं नव्हतं, पण आता कोण ऐकतंय. गोविंदराव साहेब हळहळले. चांगली पोरगी होती म्हणाले, नात्यापायी वाया गेली. आता पोलिसात द्यायचं का राजीनामा घ्यायचा, ते शनिवारी ठरवू. तोपर्यंत काम अडायला नको, आमच्या सूनबाई कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यात, त्या येऊन बसतील, पगार नको.

संध्याकाळपर्यंत फळ्यावर यादीशेजारी दुसरा कागद लागला. सुनेत्राला, तिच्या पूर्ण नावानिशी, गैरप्रकाराच्या संशयावरून कामावरून दूर केल्याचा. तो मीच टाइप केला. पोरी येता-जाता मोठ्यानं वाचायल्या होत्या, आणि सुनेत्रा त्यांच्यामधून मान खाली घालून चालत गेली. मी खिडकीतून बघत होतो आणि मला तिचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

३

चौकशीला नेमलं ते पार्वतीबाईंना. पार्वतीबाई म्हणजे आमच्याकडं गणित शिकवणाऱ्या. पन्नाशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि खडू हातात नसला तरी बोटं खडू धरल्यासारखी. साहेबांना वाटलं असणार, बाई आहेत, चार प्रश्न विचारतील आणि कागद करतील. बाईंनी गुरुवारी सगळा दिवस घातला आणि लिहून घ्यायला मला बरोबर ठेवलं.

आधी त्या सुनेत्राच्या खोलीवर गेल्या. ट्रंक भरून तयार होती. बाईंनी विचारलं, तू केलंस का. ती नाही म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि पुढं विचारायला लागल्या. मला तर वाटलं, असं सरळ विचारून कोणी कबूल होतं का.

सोमवारचं तिला धड काही आठवेना. प्रत छापली, काकांनी तपासली, फ्लॉपी खणात ठेवली. दुपारी? दुपारी बहुतेक बसूनच होते, म्हणाली. लाईट गेली होती का, बाईंनी विचारलं. "बाई, लाईट रोजच जाते. कुठल्या दिवशी किती वाजता, कसं सांगू?" मंगळवारी मात्र ती वालूरमध्ये नव्हतीच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, रजा टाकून पहाटेच्या गाडीनं पूर्णेला गेली, बुधवारी सकाळी परत.

"पोलिसात गेलं तर आई डोळ्याची पट्टी सुटायच्या आधी मरेल," ती म्हणाली. "बाई, मी राजीनामा देऊन टाकते. पण मग मला परभणी जिल्ह्यात कोण उभं करील?"

बाई तिथून उठल्या आणि ऑफिसात आल्या. सरांना त्यांनी एवढंच विचारलं की खोलीची किल्ली कोणाकडं. एक सुनेत्राकडं, एक माझ्याकडं. मला विचारलं, मंगळवारी मशीन चालू होतं का. मी म्हणालो, होतं. शाळांना पाठवायची पत्रं होती, सकाळी मी चालू केलं, त्यानं विचारलेलं भरलं, पत्रं काढली, पोस्टात टाकली. यादीच्या फाइलीकडं मी बघितलंसुद्धा नाही, आणि तिला हात लावला असता तरी तिच्यावर मंगळवारची तारीख पडली असती.

"हो, पडली असती," बाई म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहून वही मिटली. मग जाता जाता वळल्या. "उद्धवराव, गोविंदराव साहेबांनी आजवर त्या मशीनला हात लावलाय का हो?"

मी म्हणालो, छे. साहेबांना रेडिओचं स्टेशन लावता येत नाही.

"मग फाइलीवर तारीख पडते, हे त्यांना बुधवारी कसं ठाऊक होतं?"

४

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर बाईंना गिरणीत जायचं होतं. ज्वारीचा डबा जड म्हणून मी उचलला. आश्रुबाच्या गिरणीपुढं डब्यांची ही रांग, आणि बाया त्याच्यावर तुटून पडलेल्या. आठवड्याचं पीठ अडलं होतं.

आश्रुबा पिठानं पांढरा झालेला. "मी काय करू बाई? सोमवारी लय गर्दी होती, मंगळवारी अमावस्या म्हणून समद्यांनी आदल्या दिशीच डबे आणले. आन नेमकी दोन वाजता लाईट गेली. दिवस मावळल्यावर आली. आन अमावस्येला तर मी पट्टा चढवीतच न्हाई, बापापासून रिवाज हाय आमचा. तवापासनं रांग सरंना."

बाई पुढं सरकल्या. "सोमवारीच का? नक्की?"

रांगेतल्या सरजाबाईंनी हात नाचवत सांगितलं की नक्की म्हणजे काय, अमावस्येच्या आदल्या दिवशी घरात पीठ नाही म्हणून नवऱ्यानं आपल्याला तोंडभर ऐकवलं, ते विसरीन होय. चार बायांनी माना डोलावल्या. रोज जाणारी लाईट कोणाच्या लक्षात राहात नाही, पण अमावस्येच्या तोंडावर गेलेली अख्ख्या गावाच्या लक्षात होती.

"आश्रुबा, तुमची आणि कॉलेजची लाईन वेगळी असेल."

"वेगळी कशी? एकाच डीपीवर हाय. तुमची गेली की माझी गेली."

सोमवारी दोन वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत गावात वीजच नव्हती. मग सोमवारी तीन चाळीसला ते मशीन चाललं कशावर?

बाई माझ्याकडं बघत होत्या. आश्रुबाकडं नाही, सरजाबाईकडं नाही, माझ्याकडं.

"उद्धवराव," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अमावस्येला तुम्ही नवीन रजिस्टरला कुठली तारीख घालता?"

५

मी हातातला डबा खाली ठेवला.

तीस वर्षांत मी अमावस्येच्या तारखेनं एकही काम सुरू केलेलं नाही. आवक असो, जावक असो, नवी वही असो, अमावस्या आली की हात आपोआप आदल्या दिवसाची तारीख घालतो. माझ्या वडलांनी तहसिलात हेच केलं. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक, सगळे हसतात, कोणाचं बिघडलं नव्हतं. मंगळवारी सकाळी मशीननं विचारलं, आज तारीख काय. माझ्या बोटांनी दिली एकोणतीस. वेळ विचारली, ती मनगटावरच्या घड्याळात बघून खरी दिली. विचारसुद्धा केला नव्हता. कागदाला फसवतो तसं त्या डबड्याला फसवलं, आणि त्या मूर्खानं ते खरं मानून, नेमकी त्या दिवशी लाईट न गेल्यामुळं पुन्हा न विचारता, दिवसभर जे जे होईल त्याच्यावर सोमवारचा शिक्का मारला.

म्हणजे तीन चाळीस खरे होते. पण मंगळवारचे. सुनेत्रा तेव्हा पूर्णेला आईच्या खाटेशी होती.

"मंगळवारी तीन चाळीसला खोलीत कोण होतं?" बाईंनी विचारलं.

मला सांगायला लाज वाटली, कारण मीच त्यांना आत नेलं होतं. दुपारी तीनला गोविंदराव साहेब सूनबाईंना, कमलला, कॉम्प्युटर दाखवायला घेऊन आले होते. सर तालुक्याला गेलेले. मी खुर्च्या पुसल्या, मशीन चालू ठेवलं, आणि साहेबांनी मला पोस्टात पिटाळलं. तासाभरानं आलो तेव्हा दोघं निघाले होते. सूनबाई खालमानेनं जीपमध्ये बसल्या होत्या.

बाईंनी डबा रांगेत सरकवला. मग म्हणाल्या, "मीसुद्धा दोन दिवस चाळिसाव्या नावाकडंच बघत बसले. फायदा त्या पोरीचा, म्हणून काम सुनेत्राचं. खुर्ची कोणाला मिळाली ते बघितलंच नाही. कमलनं मशीनवर आदल्या दिवसाची तारीख बघितली असणार. त्या तारखेला जे होईल ते सुनेत्राच्या नावावर. पहिल्या चाळिसातलं कोणतंही नाव खाली घातलं की मावसबहीण बरोबर वर येणार. आणि खाली घालायची ती फाट्यावरच्या पंक्चरवाल्याची पोर, म्हणजे विचारायला कोणी येणार नाही."

"बाई, माझ्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत," मी म्हणालो. "खोटी तारीख घातली म्हणून मलाच धरतील. सचिव तेच आहेत."

"धरतील," बाई म्हणाल्या. "गिरणीवाल्याचं मी सांगू शकते. लाईट नव्हती एवढंच सिद्ध होईल, साहेब म्हणतील घड्याळ चुकलं असेल. तारीख तुमच्या बोटांनी घातली, ते तुम्हीच सांगायचं. मी तुमच्या वतीनं बोलणार नाही."

डबा तिथंच सोडून मी घरी गेलो.

६

शनिवारी सरांच्या खोलीत संस्थेचे लोक, मधे गोविंदराव साहेब, शेजारी कमल. बाईंनी लिंबाजीला आणि बायनालाही बोलावलं होतं, ती दोघं भिंतीला टेकून उभी होती. सुनेत्रा टेबलासमोर, तिच्यापुढं मीच टाइप केलेला राजीनामा.

बाईंनी सोमवारी वीज नव्हती ते सांगितलं. साहेब हसले. खेड्यातल्या लाईटचं काय घेऊन बसलात बाई म्हणाले, यंत्र खोटं बोलतं का? सगळ्यांनी माना हलवल्या. यंत्र खोटं बोलत नाही. मी कोपऱ्यात उभा होतो. बाईंनी माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

साहेबांनी पेन पुढं केलं. सुनेत्रानं सही केली. हो, केली. मी बघत होतो आणि तिनं सही केली, आणि साहेबांनी तो कागद उचलून घडी घातली.

तेव्हा मी बोललो.

"साहेब, ती तारीख खोटी आहे. मंगळवारी मशीनला सोमवारची तारीख मी दिली होती. अमावस्या होती म्हणून."

मग मी सगळं सांगितलं, पोस्टात पिटाळल्यापासून जीपपर्यंत, आणि काल गिरणीवर ध्यानात आलं तेसुद्धा. बाईंनी शांतपणे फ्लॉपी लावायला सांगितली. मी मंगळवारी काढलेल्या पत्रांची फाइलही सोमवारच्या तारखेचीच निघाली, आणि बाईंनी एका शाळेतून परत मागवलेल्या त्याच पत्रात मंगळवारी सकाळी आलेल्या टपालाचा उल्लेख, पाकिटावर पोस्टाचा शिक्कासुद्धा मंगळवारचा. टेबलावर पाकीट आणि पडदा शेजारी शेजारी होते. आता खोटं कोण बोलत होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

गोविंदराव साहेबांचा आवाज चढला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, याची चौकशी लावा, पेन्शन थांबवा. ते माझ्याकडं बोट करून बोलत असतानाच कमल उठली. तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या बायनाकडं बघितलं. पोरगी काही न कळून गुणपत्रक छातीशी धरून उभी होती.

"मामंजी, तुम्ही म्हणला होतात हिचं नाव दुसऱ्या यादीत घालू," कमल म्हणाली. "म्हणला होतात, कोणाचं काही जात नाही, नुसती सुनेत्राची खुर्ची रिकामी होईल. मी आकडा बदलला. ही पोरगी अशी समोर उभी राहील असं तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

तिनं सासऱ्याच्या हातातला राजीनामा ओढून घेतला आणि फाडला. सरांच्या हातातला रुमाल खाली पडला. तीस वर्षांत त्या खोलीत सुनेनं सासऱ्याच्या हातातून कागद ओढलेला मी बघितला नव्हता, आणि सासऱ्याला असं तोंड मिटून बसलेलंही नाही.

७

बायनाचं नाव तिसरं लागलं. लिंबाजीनं कोणाचे आभार मानले नाहीत, आणि बरोबर केलं. साहेबांनी तब्येतीचं कारण देऊन सचिवपद सोडलं. माझी चौकशी लागायची ती लागली, पेन्शनीचं काय होईल ते होवो.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. सुनेत्रा खोलीची किल्ली घ्यायला माझ्या टेबलाशी आली. मी उठून उभा राहिलो. पोरी, चुकलो, असं काहीतरी म्हणायला लागलो.

"काका, तीन वर्षं तुमच्या टेबलाशी बसून चहा पिले मी," ती म्हणाली. रडली नाही, आवाज चढवला नाही. "त्या पडद्यावर दोन आकडे आले आणि तुमचा लगेच विश्वास बसला. बाईंनी तरी मला विचारलं, तू केलंस का म्हणून. तुम्हाला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही."

मी खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"कालपासून तुम्हाला खरं ठाऊक होतं ना?" तिनं विचारलं. "आणि तुम्ही माझी सही होऊ दिलीत."

मी हो म्हणालो.

मग तिनं किल्ली घेतली आणि मला बाहेर यायला सांगितलं. फळ्यावर तिच्या नावाचा तो कागद तसाच होता. तीन दिवस अख्खं वालूर तो वाचून गेलं होतं. तिनं तो काढला नाही. खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ह्याच्या शेजारी लिहा, मोठ्या अक्षरात, मागच्या बाकावरच्या पोरीला दिसेल असं. पोरी गोळा व्हायला लागल्या होत्या. सर दारात येऊन उभे राहिले.

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. 'दिनांक तीस जून, मंगळवार, अमावस्या. या दिवशी मी, उद्धवराव, वरिष्ठ लिपिक, मशीनला खोटी तारीख दिली. सुनेत्रा यांनी काहीही केलेलं नाही. हे मला शुक्रवारी कळलं आणि मी शनिवारी त्यांची सही होईपर्यंत गप्प बसलो.'

पोरी एकेक शब्द मोठ्यानं वाचत होत्या. शेवटचं वाक्य झालं तेव्हा मी खडू खाली ठेवायला गेलो.

"सही राहिली," सुनेत्रा म्हणाली.

मी सही केली, खाली तारीख घातली, आणि घालण्याआधी आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघून आलो.